बंद खाणीचा बँड : ग्राइमथॉर्पचं प्रकरण

लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ब्रास बँडची राष्ट्रीय स्पर्धा असते तेव्हा परीक्षकांना पडद्यांनी बंद केलेल्या एका खोक्यात बसवतात. आतून मंच दिसत नाही. एक बँड उतरतो, दुसरा येऊन बसतो, खुर्च्या सरकल्याचा आवाज थांबतो, मग खोक्यातून शिट्टी वाजते. शिट्टी म्हणजे ‘आम्ही तयार, करा सुरू’. समोर कोण आहे हे परीक्षकांना सांगितलेलं नसतं. वाजवण्याचा क्रम चिठ्ठ्या काढून ठरतो आणि सगळ्या बँडना रचना एकच नेमून दिलेली असते. दिवसभर तीच रचना, पुन्हा पुन्हा. आतल्या माणसांपाशी कागद, पेन्सिल, स्वरलिपीची प्रत आणि कान, बस्स.

हे आधी सांगायचं कारण आहे. १३ ऑक्टोबर १९९२, मंगळवार. ब्रिटनचे व्यापारमंत्री मायकेल हेसल्टाइन यांनी देशात उरलेल्या ५० खोल कोळसा खाणींपैकी ३१ बंद करायचं जाहीर केलं. सुमारे ३०,००० नोकऱ्यांवर गदा येणार होती. त्या यादीत ग्राइमथॉर्पची खाण होती. आणि आठवडा उलटायच्या आत ग्राइमथॉर्प कोलियरी बँड (कोलियरी म्हणजे कोळशाची खाण) अल्बर्ट हॉलमध्ये देशात पहिला आला. ही हकीकत सांगताना लोकांचा आवाज हमखास ओला होतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्यांना कळवळून दिलं असणार बक्षीस. पण खोक्यात बसलेल्याने कळवळायचं कोणासाठी? त्याला दिसत होतं काय? जे मिळालं ते वाजवण्यावर मिळालं.

खाण मे १९९३ मध्ये बंद झाली. बँड त्यानंतरही वाजत राहिला. खाणीच्या पगारातून आणि खाणीच्या माणसांतून जो बँड उभा राहिला, तो खाण गेल्यावर कशाच्या जोरावर टिकला, एवढाच या प्रकरणाचा प्रश्न. याचं नेहमीचं उत्तर ‘जिद्द’ असं असतं. जिद्द होतीच, पण ती त्या गावात इतरही शेकडो जणांकडे होती आणि त्यांच्या नोकऱ्या वाचल्या नाहीत. उत्तर दुसरीकडे शोधायला हवं.

ग्रिमची वाडी

ग्राइमथॉर्प यॉर्कशरच्या दक्षिण भागात, बार्न्सलीजवळ. इंग्रजीत ‘ग्राइम’ म्हणजे काजळी, तेव्हा कोळशाच्या गावाला हे नाव कोणी मुद्दाम ठेवलं की काय असं वाटतं. नाव मात्र कोळशाच्या फार आधीचं आहे. समुद्रापलीकडून येऊन वसलेल्या नॉर्स लोकांच्या बोलीत ‘थॉर्प’ म्हणजे मूळ गावापासून जरा बाजूची वस्ती, आणि ग्रिम हे माणसाचं नाव. आपल्या भाषेत सरळ ग्रिमवाडी. १८९० च्या दशकात इथे खाण खोदली गेली आणि वाडीचं गाव झालं. कामगारांच्या घरांच्या एकसारख्या रांगा उठल्या. खाण म्हणजे गाव आणि गाव म्हणजे खाण, हे इथे अलंकारिक बोलणं नव्हतं. १९८१ च्या जनगणनेतही गावातल्या कामकरी लोकांपैकी ४४ टक्के खाणीतच होते.

बँड निघाला १९१७ मध्ये, खाणीतल्या कामगारांसाठी फावल्या वेळेचा उद्योग म्हणून. आपल्याकडे बँड म्हटलं की वरात आठवते. सुपारी द्यायची, रात्रभर वाजवून घ्यायचं, हिशेब मिटवायचा. इंग्लंडच्या उत्तरेतला गावचा बँड ही वेगळी चीज आहे. तो गावाची मालमत्ता असतो. कुस्तीची तालीम आणि सार्वजनिक वाचनालय यांच्या मधली काहीतरी संस्था म्हणा. वाद्यं बँडची, गणवेश बँडचा, स्वरलिपीची कपाटं बँडची. वादक आपला श्वास आणि संध्याकाळ तेवढी घेऊन येतो.

खाणीच्या गावाला बँड लागायचा तो मिरवायला, तसाच माणसं पोचवायलाही. २२ सप्टेंबर १९३४ ला वेल्समधल्या ग्रेसफर्डच्या खाणीत स्फोट होऊन २६६ माणसं गेली. बहुतेकांचे देह वरती आलेच नाहीत, खाणीचा तो भाग तसाच बंद करून टाकला. त्यावर रॉबर्ट सेंट नावाच्या खाणकामगाराने एक सूर रचला. त्याला शब्द नाहीत. ‘ग्रेसफर्ड’ याच नावाने तो ओळखला जातो आणि दरहॅमच्या खाणकामगारांच्या जत्रेत दर वर्षी बँड तो वाजवतात. त्या वेळी हजारोंचा जमाव उभा राहून गप्प ऐकतो. गावाला बँड कशाला हवा असं कोणी विचारलं तर मी हेच उदाहरण देईन. सगळ्यांना एकाच वेळी बोलायचं असतं आणि शब्द कोणापाशीच नसतात, अशा वेळेसाठी.

पगारातली कपात

पैसा कुठून यायचा? कोळशाच्या पट्ट्यात सगळीकडे रीत होती की आठवड्याच्या पगारातून दर कामगाराचे थोडे पेन्स बँडच्या नावाने कापायचे. वाजवणाऱ्याचेही कापायचे, न वाजवणाऱ्याचेही. ज्याला सुरातलं ओ की ठो कळत नाही, त्याचेही. रक्कम क्षुल्लक, पण हजारो पगार आणि वर्षाचे बावन्न आठवडे. वर्गणीदाराकडे दारोदार जायची गरज नाही, जाहिरात नाही, मिनतवारी नाही. बँडचा खर्च पगारपत्रकातच बसून गेलेला.

याला कायद्याचीही जोड मिळाली. १९२० च्या कायद्याने खाणकामगार कल्याण निधी आला. खाणीतून निघणाऱ्या दर टन कोळशामागे मालकाने एक पेनी द्यायची. त्यातून सभागृहं उभी राहिली, मैदानं झाली, अंघोळीच्या जागा झाल्या. १ जानेवारी १९४७ ला खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि खाजगी मालक जाऊन राष्ट्रीय कोळसा मंडळ आलं. बँडच्या दृष्टीने मालक बदलला, व्यवस्था तीच राहिली. खाणीकडून आणखी एक मदत व्हायची जी कुठल्या ताळेबंदात दिसत नाही. कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं आखूड पितळी वाद्य, सुरेख वाजवणाऱ्या माणसाला जमिनीखालच्या कामाऐवजी वरचं, हलकं काम लावून द्यायचं, तालमीच्या वेळेशी त्याची पाळी जमवून द्यायची. खाणीच्या नावाने स्पर्धेत उतरणाऱ्या बँडांत हे चालायचं, आणि कोणी फारसं लपवतही नव्हतं. बोटं चिरडली तर बक्षीस कोण आणणार?

जुने निकाल वाचताना एक गंमत दिसते. १९६९ च्या निकालात या बँडचं नाव ‘ग्राइमथॉर्प कोलियरी इन्स्टिट्यूट’ असं आहे. इन्स्टिट्यूट म्हणजे कामगारांचं सभागृह, बँडचा खरा आधार. नावातला हा शेवटचा शब्द पुढे बदलत जातो. निकालपत्रातली नावं नुसती एकाखाली एक मांडली तरी कोणत्या वर्षी पैसे कोण देत होतं ते कळतं.

सा सगळ्यांचा एक

आता वाद्यांकडे वळतो. ते न समजता हा प्रकार कामगारांच्या हाती कसा रुजला ते कळायचं नाही.

ब्रास बँडमध्ये सनई-बासरीच्या जातीचं एकही वाद्य नसतं. सगळं पितळी, आणि मागे तालवाद्यं. ठरलेली बैठक २५ फुंकणाऱ्यांची. उंच सुराचा एक सोप्रानो कॉर्नेट, नऊ साधे कॉर्नेट, एक फ्लुगलहॉर्न, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन, चार बास. यातली बरीचशी वाद्यं १८४० च्या दशकात ॲडॉल्फ साक्सने घडवलेल्या घराण्यातली. सॅक्सोफोनवाला तोच हा साक्स. ट्रॉम्बोन सोडले तर सगळ्यांना तीन खटके, मोठ्यांना कधी चौथा.

खरी युक्ती स्वरलिपीत आहे. वाद्यं वेगवेगळ्या पट्टीतली असतात. पण लिहिताना असं लिहितात की एकही खटका न दाबता जो सूर निघतो तो सगळ्यांच्या कागदावर एकाच जागी येतो. पहिला आणि तिसरा खटका दाबला की सगळ्यांच्या कागदावर दुसरा ठरलेला सूर. वाद्य हातभर असो की मांडीवर न मावणारं. (बास ट्रॉम्बोन तेवढा या पंक्तीबाहेर बसतो.) आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. गवयाने काळी दोन लावली काय नि पांढरी पाच लावली काय, सा हा साच. ब्रास बँडने हा विचार कागदावर आणला.

याचा व्यवहारातला फायदा जबर आहे. शाळकरी पोराला तिसऱ्या कॉर्नेटवर बसवायचं. टेनर हॉर्नवाला दुसऱ्या गावी गेला, की तोच पोरगा हॉर्न उचलतो. कागद वाचता येतो, बोटं ठाऊक असतात, ओठांना नव्या मुखणीची सवय झाली की झालं. वय वाढलं, दात गेले, बारीक मुखणीवर ओठ टिकेनासे झाले, की माणूस घरी बसत नाही, मागच्या रांगेत बासवर जाऊन बसतो. पाळीने, आजाराने, अपघाताने माणसं सारखी कमी होणाऱ्या गावात पंचवीसची बैठक भरलेली ठेवायची तर अशीच पद्धत हवी. शिकवणीला फी भरून एकेका वाद्याचे तज्ज्ञ तयार करणारा वाद्यवृंद इथे दोन हिवाळेही टिकला नसता.

आणि या सगळ्याला धार लावणारी गोष्ट म्हणजे स्पर्धा. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत १८५३ मध्ये पहिली मोठी स्पर्धा झाली. राष्ट्रीय म्हणवणारी १९०० मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये सुरू झाली. ती काचेची इमारत १९३६ मध्ये जळाली, पुढे महायुद्धानंतर स्पर्धा अल्बर्ट हॉलमध्ये स्थिरावली. स्पर्धेचा परिणाम दुधारी झाला. दर्जा वाढला, हे उघडच. पण चांगल्या वादकावर शेजारच्या गावांचा डोळा राहू लागला. एक वादक एका वेळी एकाच बँडच्या नावावर, असा नोंदणीचा नियम आहे, तो काही उगाच झाला नाही. ज्या गावाला जिंकायचं होतं त्याला आपल्या हद्दीबाहेर नजर टाकावीच लागली. ‘गावचा बँड’ या शब्दांतला ‘गावचा’ तेव्हापासूनच सैल व्हायला लागला.

बाहेरचे लोक येतात

जॉर्ज थॉम्पसन यांच्या हाताखाली ग्राइमथॉर्पने १९६९ मध्ये ब्रिटिश ओपन (बेल व्ह्यूचीच ती जुनी स्पर्धा) आणि १९७० मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. इथवरची चढण इतर चांगल्या खाण-बँडांसारखीच. वळण आलं १९७२ च्या सुमारास, एल्गर हाऊअर्थ या बँडशी जोडले गेले तेव्हा. स्वतः ब्रास बँडच्या मुशीतून आलेले ट्रम्पेटवादक, आणि त्याच वेळी युरोपातल्या अगदी नव्या, कानाला टोचणाऱ्या संगीताचे संचालक. मँचेस्टरच्या संगीत महाविद्यालयात त्यांच्याबरोबर शिकलेल्यांत हॅरिसन बर्टविसल होते. बर्टविसल म्हणजे ब्रिटनमधल्या त्या पिढीच्या सर्वांत करड्या संगीतकारांपैकी एक.

हाऊअर्थनी बर्टविसलकडून बँडसाठी रचना करून घेतली. १९७३ ची ‘ग्राइमथॉर्प आरिया’. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा रेकॉर्ड बिघडली की काय अशी शंका आली. संथ, जड, मिटायचं नावच न घेणारा सूर, मध्येच पितळ फाटावं तसा आवाज. ओठांवर धरून ठेवायला म्हणत नाही मी, पण गुणगुणायलाही काही सापडत नाही. कूच, भजनं आणि ऑपेरातल्या लोकप्रिय चिजांवर वाढलेल्या बँडच्या श्रोत्यांना ती पचणं अवघडच होतं, आणि अनेकांनी नाकं मुरडली. पण खाणीच्या गावाच्या नावाने असं संगीत लिहिलं गेलं आणि त्या गावाच्या बँडने ते वाजवलं. १९७५ मध्ये हान्स वेर्नर हेन्झे या जर्मन संगीतकाराची रचना आली. १९७४ मध्ये, ब्लॅक डाइक या कापडगिरणीच्या बँडबरोबर, ग्राइमथॉर्पचे लोक लंडनच्या प्रॉम्स या उन्हाळी संगीत महोत्सवात वाजवायला बसले. ब्रास बँडला तिथे तोवर प्रवेश नव्हता. आणि १९७५ मध्येच एका इंग्लिश गायकाच्या, क्रिकेट सोडणाऱ्या म्हाताऱ्या खेळाडूवरच्या गाण्यामागे हाच बँड वाजला. क्रिकेटचं वेड असलेल्या आपल्या लोकांनी ते गाणं शोधून ऐकायला हरकत नाही.

या दशकात झालं काय? मला वाटतं, या प्रकरणाची किल्ली इथे आहे, १९९२ मध्ये नाही. तोवर बँडची पत खाणीच्या पतीवर होती. आता बँडला स्वतःचं नाव झालं. रेडिओ, रेकॉर्ड, मैफली, नव्या रचना, परगावचे श्रोते. नाव गावाचं, पण ऐकणारे जगाचे. इथून पुढे ग्राइमथॉर्पमध्ये वाजवायला मिळावं म्हणून लांबचे वादक येणार होते, मग ते खाणीत काम करोत वा न करोत. कोळसा कधीच न पाहिलेल्या माणसाच्या गणवेशावरही ‘कोलियरी’ लिहिलेलं असणार होतं.

गावातल्या जुन्या माणसाला हे कसं वाटलं असेल याची कल्पना करता येते. आपल्या पगारातून पेन्स कापले जातात आणि पहिल्या खुर्चीवर परका बसतो. आपल्या क्लबच्या अकराजणांत सगळे बाहेरचे आणलेले पाहून फुटबॉलवेड्याला वाटतं तेच. जिंकले की सगळे आपलेच, हरले की आठवतं हा कुठला.

एक सराव परीक्षा

मार्च १९८४ मध्ये खाणकामगारांचा संप सुरू झाला. याची ठिणगी पडलेली कॉर्टनवुडची खाणही बार्न्सलीच्याच परिसरातली. संप वर्षभर चालला. मार्च १९८५ मध्ये काही हाती न लागता तो मागे घेतला गेला. गावोगावचे कामगार युनियनचे झेंडे धरून, पुढे बँड घेऊन, रांगेने खाणीत परतले. हरलेल्यांची ती मिरवणूक होती, पण मान ताठ ठेवायला पुढे बँड होता.

या वर्षाचा बँडच्या हिशेबाशी संबंध असा की संपावर पगार नसतो आणि पगार नाही तिथे कपात कसली? कपातीवर चालणाऱ्या प्रत्येक बँडची परीक्षा १९९२ च्या आधी आठ वर्षं, याच संपात झाली होती. जो बँड या वर्षातून निभावला त्याला एक गोष्ट कळली असणार, की पगारपत्रकाबाहेरही दोन पैसे उभे करता आले पाहिजेत. ज्याला कार्यक्रमांची बोलावणी होती आणि ज्याच्या रेकॉर्ड विकल्या जात होत्या, त्याला हे जमण्यासारखं होतं.

ऑक्टोबर

म्हणून १९९२ ची ती शनिवार-रविवारची कथा मला वेगळी दिसते. संचालक फ्रँक रेंटन. नेमून दिलेली रचना फिलिप विल्बी यांची ‘न्यू जेरुसलेम’. नाव योगायोगाने इतकं चपखल की कादंबरीत घातलं असतं तर संपादकाने काढायला लावलं असतं. मंगळवारी गाव जाहीरपणे मोडीत निघालं, आणि त्याच आठवड्यात बँडने जे वाजवलं ते महिनोन्‌महिने घोटलेलं होतं. इतक्या उशिरा येऊन धडकलेलं दुःख तालीम करून देत नाही, उलट ओठ कापरे करतं. पितळी वाद्य वाजवणाऱ्याला विचारा. भरून आलेल्या गळ्याने गाता येईल एखादवेळी, कॉर्नेट फुंकता येत नाही. त्या दिवशी त्यांनी भावना वाजवल्या असं लिहिणाऱ्यांनी हे वाद्य कधी हातात धरलेलं नसावं. त्यांनी भावना आवरल्या, म्हणून पहिले आले.

खाणबंदीवर देशभर संताप उसळला. लंडनच्या रस्त्यावर प्रचंड मोर्चे निघाले, त्यांत एरवी कामगारांच्या बाजूने न बोलणारेही होते. सरकारने निर्णयाचा फेरविचार करू म्हटलं. काही खाणींना थोडी मुदत मिळाली. ग्राइमथॉर्पला नाही.

नंतरचं गाव, नंतरचा बँड

इथून दोन रेघा वेगळ्या होतात, आणि त्या शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही.

गावाची रेघ. १९९४ च्या युरोपीय संघाच्या पाहणीत ग्राइमथॉर्प देशातलं सर्वांत गरीब खेडं ठरलं. हाताला काम नसणं ही नव्वदच्या दशकात गावाची मुख्य ओळख झाली. एकाच मालकाच्या गावात मालक गेला की दुकानदार, शाळा, रस्त्यावरचा दिवा, सगळ्यांवर त्याची सावली पडते.

बँडची रेघ. डिसेंबर १९९४ मध्ये खाणींचं खाजगीकरण झालं आणि इंग्लंडमधल्या शिल्लक खाणींपैकी बहुतेक आरजेबी मायनिंग या कंपनीने सुमारे ८१.५ कोटी पौंडांना घेतल्या. हीच कंपनी बँडच्या पाठीशी उभी राहिली. निकालपत्रात आता नाव ‘ग्राइमथॉर्प कोलियरी (आरजेबी) बँड’, कंपनीचं नाव बदललं तेव्हा ‘ग्राइमथॉर्प कोलियरी यूके कोल’. इन्स्टिट्यूट गेलं, कंस आला. ज्यांच्या पगारातून आधी पेन्स कापले जात ते बेकार, आणि त्यांच्या धंद्याची शिल्लक विकत घेणारा आता बँडचा पोशिंदा. यात कोणाला विसंगती दिसेल, कोणाला सौजन्य. मला दोन्ही दिसतं. तीनशे जणांच्या रोजगाराच्या मानाने पंचवीस वादकांचा खर्च म्हणजे काहीच नाही, आणि नाव मात्र देशभर ऐकू जातं.

१९९६ मध्ये ‘ब्रास्ड ऑफ’ हा चित्रपट आला. त्यातल्या गावाचं नाव ग्रिमली, पण चित्रण ग्राइमथॉर्पमध्येच झालं आणि पडद्यामागे वाजतो तो हाच बँड. त्यानंतर बँडला वेगळ्या ओळखीची गरज उरली नाही. एक तोटा तेवढा झाला. चित्रपटातल्या शेवटच्या भाषणालाच लोक इतिहास समजू लागले. ते भाषण पटकथेतलं आहे.

पुढे २००६ आणि २००७ ला लागोपाठ राष्ट्रीय विजेतेपद. २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटन सोहळ्यात बँड होता. कंसातली कंपनी कायमची नव्हतीच. यूके कोलची शेवटची खाण, केलिंग्ली, डिसेंबर २०१५ मध्ये मिटली आणि ब्रिटनमधलं कोळशाचं मोठं खोल खाणकाम तिथेच संपलं. नावातला कंस गेला. ‘कोलियरी’ राहिलं.

हे टिकणं ग्राइमथॉर्पची मिरास नाही, हेही सांगायला हवं. याच सुमाराला मिटलेल्या फ्रिकलीच्या खाणीचा कार्लटन मेन बँड आहे, दरहॅम किनाऱ्यावरच्या ईझिंग्टनच्या खाणीचा आहे. पण त्यांत फरक करावासा वाटतो. ईझिंग्टनसारख्या बँडचं मुख्य स्थान जुलैतल्या दरहॅमच्या जत्रेत, गावाच्या झेंड्याच्या पुढे, पायी. १८७१ पासूनची ही जत्रा, आणि जिल्ह्यातल्या सगळ्या खाणी मिटून गेल्या तरी झेंडे निघतातच. तिथे बँड टिकला तो गावाला चालायला लागतो म्हणून. ग्राइमथॉर्पचा बँड मंचावर बसतो, दौरे करतो, तिकिटं विकतो. तो टिकला कारण सत्तरच्या दशकातच तो अर्धा गावाबाहेर पडला होता. त्याचे श्रोते गावचे नव्हते, वादक सगळेच गावचे नव्हते, रचना तर गावाला आवडतही नव्हत्या. दोर कापला गेला तेव्हा तो आधीच सैल होता. जो बँड पूर्ण खाणीचाच होता, गावापलीकडे ज्याला कोणी ओळखत नव्हतं, त्याच्यासाठी असा दुसरा दोर नव्हता. त्या बँडांची प्रकरणं लिहायला कागदही उरत नाहीत.

हे वाचून कोणी म्हणेल, मग हा ग्राइमथॉर्पचा बँड म्हणायचा कशाला? मी या प्रश्नावर बराच अडलो. तालमी गावातच होतात. ‘ग्रेसफर्ड’ वाजवतात तेव्हा तो परगावच्या वादकाच्या हातूनही खोटा वाटत नाही. शेवटी माझं मत असं झालं की नाव हे त्यांच्यावरचं कर्ज आहे. सत्तर वर्षं ज्यांनी सुराचा गंध नसतानाही पेन्स दिले, त्यांचं. नाव लावायचं तर ते फेडत राहायचं. आतापर्यंत ते फेडत आले आहेत.

जुन्या खाणीच्या परिसरात आता मोठमोठी गोदामं आहेत. त्यांतलं एक, ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीचं, डोळ्यात मावत नाही एवढं. गावच्या तरुणांना काम तिथे मिळतं. पाळ्या तिथेही आहेत, रात्रीची धरून. पगारातून बँडसाठी काही कापून घेतात असं मात्र ऐकिवात नाही.